फोटोत वाकलेला माणूस

पेटंटचे अर्ज करून देणाऱ्या वैदेही मॅडमनी अर्जाची पानं पुढे सरकवली. "हे यंत्र याआधी बाहेरच्या कुणी पाहिलंय? खरं सांगा. पेटंट नव्या गोष्टीला मिळतं, गावभर झालेल्या नाही."

"कुणीही नाही," माझे यजमान शक्तिवेल छाती पुढे काढून म्हणाले. "आठ महिने ताडपत्रीखाली आहे. हिच्याशिवाय कुणाला दाखवलेलं नाही."

ते खरं नव्हतं, आणि ते मलाच ठाऊक होतं.

यंत्र म्हणजे इडलीचं पीठ वाटायचा ग्राइंडर. पण यातले दगड हातानं उचलावे लागत नाहीत. खालचा दांडा दाबला की स्प्रिंगनं ते आपोआप वर येतात आणि पीठ मोकळं होतं. दगड उचलून उचलून माझं मनगट कामातून गेलं, ते बघून यांनी हे काढलं. आमच्या कोईमतूरच्या गल्लीत दर तिसऱ्या घरी ग्राइंडर बनतात. पलीकडच्या रस्त्यावर माझे अप्पाही बनवतात. एकदा नक्कल झाली की आमची आठ महिन्यांची मेहनत पाण्यात.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आयुधपूजेला, हे फाउंड्रीतल्या पूजेला गेले होते. सासूबाईंनी ताडपत्री ओढली. "सगळ्या यंत्रांना गंध, आणि यालाच काय सुतक आहे?" मी हार घातले, फोटो काढला आणि, कुठून बुद्धी झाली, स्टेटसला ठेवला. हे यायच्या आत ताडपत्री परत घातली आणि आम्ही दोघी गप्प बसलो. दुसऱ्या दिवसापासून अप्पांचा रोज फोन. "अर्ज केला का?" आधी कधी चौकशी न करणारा माणूस! मला ते खटकत होतं.

"पाहिलंय," मी म्हणाले, आणि होतं नव्हतं ते सगळं सांगून टाकलं.

"स्टेटसला?" हे ओरडले. "त्यापेक्षा चौकात मांडून भोंगा लावायचा होतास!"

मॅडमनी माझ्या मोबाइलवर तो फोटो मोठा केला. झेंडू, केळीचे खुंट, गंधाचे पट्टे. "दांडा दिसत नाही, स्प्रिंग दिसत नाही. हारांनी वाचवलंय तुम्हाला." मी श्वास सोडला, तेवढ्यात त्यांचं बोट कोपऱ्यात थांबलं. "पण हे कोण?"

पांढरी वेष्टी, लुंगीसारखं धोतर, नेसलेला एक माणूस गुडघ्यावर बसून, हार बाजूला सारून, यंत्राच्या खाली बघत होता. इतक्या दिवसांत माझं तिकडे लक्षच गेलं नव्हतं.

"माझे अप्पा. पूजेच्या प्रसादाला आले होते," मी म्हणाले.

यांनी मोबाइल स्वतःकडे ओढून फोटो पुन्हा पाहिला. अप्पांनी नक्कल केली असेल, हे त्यांच्या मनात आलेलं मला कळलं, कारण तेच माझ्याही मनात आलं होतं. मला स्वतःची लाज वाटली.

"त्यांनी कुणाला सांगितलं असेल, किंवा तसं यंत्र करून विकलं असेल, तर अर्जात काही राम नाही," मॅडम म्हणाल्या. "आत्ताच विचारा."

मी फोन लावला आणि टेबलावर ठेवला. "अप्पा, पूजेच्या दिवशी यंत्राखाली काय बघत होता?"

पलीकडे लेथ बंद झाल्याचा आवाज आला.

"दांडा बघत होतो. एका नजरेत कळला. दुसऱ्या दिवशी लोखंड कापून तसाच जोडूनही पाहिला."

मी विचारलं, "कुणाला दाखवलात?"

"दाखवतोय कुणाला? दुकान बंद करून केला, संध्याकाळी तोडून भट्टीत टाकला. पण पोरी, चाळीस वर्षं हेच करतोय गं. असलं काही दिसलं की हात शिवशिवतात. म्हणून तर रोज तुझं डोकं खातोय, अर्ज केला का, अर्ज केला का. जावईबापूंना म्हणावं, लवकर करा. माझ्या हातांचा मलाच भरवसा नाही."

हे फोनजवळ वाकले. "अप्पा, आत्ताच करतोय. सही होईपर्यंत फोन तेवढा हातातून ठेवू नका," म्हणाले, आणि सही केली.