नक्षीतलं काळं

पेटीत अकरा नग होते. हातातली जाड कडी चार, कानातली वेटोळी दोन, गळ्यातले अगादेझ शहरच्या घडणीचे क्रूस तीन, पाच चौकटींचं एक पदक आणि ओढणीच्या टोकाला बांधून पाठीवर सोडायची एक जड किल्ली, जिने आजवर एकही कुलूप उघडलेलं नव्हतं. सगळी चांदी काळवंडलेली. रैशाने नग चटईवर ओळीने मांडले, पुन्हा मोजले आणि हात चोळले.

"मिन्तू, आज तू अशी चमकशील की नवरा मुंडासं डोळ्यांवर ओढून घेईल."

"आईला विचारलंस?" मिन्तू म्हणाली. लग्न तिचं होतं. दोन्ही हात मेंदी लावून फडक्यात बांधलेले, त्यामुळे चालवायला फक्त तोंडच उरलं होतं.

"आई तुझ्या लग्नाचा तंबू उभारतेय. परत आली की बघेल आणि आनंदाने रडेल. मी नियामेच्या कॉलेजात रसायनशास्त्र काय उगीच शिकले?"

घाई होती ती राकिया मावशीमुळे. नवऱ्या मुलाची ही मावशी दुपारी चांदी बघायला येणार होती. मागच्या एका लग्नात तिने नवरीचं कडं बोटावर फिरवून, "हे तर गोऱ्या पाहुण्यांना विकतात तसलं!" असं भर मांडवात म्हटलं होतं. त्या घराला गाव अजून 'पत्र्याचं घर' म्हणतं. पणजीपासून चालत आलेल्या चांदीवर असा शिक्का बसायला नको, म्हणून तर रैशा सकाळपासून उड्या मारत होती.

तिने ॲल्युमिनियमच्या पातेल्यात पाणी उकळलं. त्यात मीठ घातलं, आई तंबाखूत मिसळते त्यातला मूठभर खार घातला आणि चांदी सोडली. पाणी फसफसलं. नासक्या अंड्यासारखा बारीक वास आला.

"गंधक निघालं बघ!" रैशा नाचतच म्हणाली. "चांदीवरून सुटून पातेल्याला चिकटतंय. घासायला नको, काही नको."

चहाचा पहिला पेला संपायच्या आत तिने चांदी बाहेर काढली. दुधासारखी पांढरी. उन्हात धरली तर डोळे दिपले. पण रैशाचा चेहरा हळूहळू उतरला.

चांदीही घडवणाऱ्या जुन्या लोहाराने कोरलेले ठिपके, त्रिकोण, रेघा कुठेच दिसत नव्हत्या. होत्या जागच्या जागी, बोट फिरवलं की लागत होत्या. पण त्या खाचांत त्याने मुद्दाम भरलेलं काळं होतं, म्हणून तर नक्षी दिसायची. ते सगळं पातेल्यात गेलं होतं.

"ताई," मिन्तू पुढे वाकून म्हणाली, "हे तर गोऱ्या पाहुण्यांना विकतात तसलं दिसतंय."

मग मिन्तूला हसू फुटलं, मेंदीचे हात हवेत धरून ती चटईवर लोळायला लागली आणि रैशालाही आवरेना.

"हसू नकोस! गंधक गेलं ना? मग परत आणायचं. वास कसला आला होता?"

"नासक्या अंड्याचा."

"मग अंडी आणू."

मिन्तूचं हसू थांबलं. या घरात अंड्याने कधी उंबरा ओलांडला नव्हता. कोंबडी आणि अंडी खाणाऱ्याला त्यांच्या कुळात माणसांत धरत नसत.

तेवढ्यात आतेभाऊ घुमूर दारात आला, नेहमीसारखा चिडवायच्या तयारीने. "काय गं मास्तरीणबाई, पाणी उकळायला शिकलीस की नाही?"

"घुमूर, बाजारातून सात अंडी आण."

"काय आण?"

"अंडी."

"रैशा, मी तुझी चेष्टा करतो हे खरं, पण असा सूड? त्यापेक्षा मला मारून टाक. तुझ्या बहिणीच्या लग्नात माझं मांस शिजव."

"मिन्तूच्या सासरी 'पत्र्याचं घर' म्हणतील रे."

घुमूरने मिन्तूकडे पाहिलं, चांदीकडे पाहिलं आणि निमूट गेला. परतला तो दोन्ही बाह्या पोटाशी धरून, दिवस भरलेल्या सांडणीसारखा डुलत. "एक फुटलंय. कोपरापर्यंत गेलंय. आता मला कुणी मुलगी देणार नाही."

"आधी तरी कोण देत होतं?" मिन्तू म्हणाली.

रैशाने सहा अंडी कडक उकडली, टरफलं काढून प्रत्येकाच्या दोन अशा बारा फोडी केल्या, गरम असतानाच मातीच्या भांड्यात घातल्या, वर चांदी ठेवली आणि झाकणाच्या कडेने ओलं फडकं दाबलं. थोड्या थोड्या वेळाने झाकण उचलून पाहिलं. चांदी आधी पिवळी झाली, मग तपकिरी, मग छान काळी. वासही तसाच रंगत गेला. मिन्तूने धुपाची पुडी दातांत धरून सगळी निखाऱ्यावर ओतली. आता घरात अंड्याचा वास येत होता आणि धुपाचाही.

नेमकी तेव्हाच राकिया मावशी आली. बसली, चहाच्या तीन पेल्यांतला पहिला हातात घेतला आणि थबकली. घुमूरने मुंडाशाचा पदर हळूच नाकावर चढवला.

"या घरात अंडं शिजलंय," मावशी म्हणाली.

मिन्तू फडक्यात बांधलेल्या हातांकडे बघत राहिली.

"माझंय," घुमूर म्हणाला. "मी खातो."

"तू?"

"रोज. दोन."

मावशीचा चेहरा सणासारखा उजळला. "अरे, तुझे आजोबा वाळवंट तुडवत मीठ आणायचे, आणि तू कोंबडीच्या मागे फिरतोस? उद्यापासून आरवायलाही लागशील! कधीपासून? कच्ची की शिजवून?"

घुमूर एकेक उत्तर देत होता आणि मावशी एकेक उत्तर मनात साठवून ठेवत होती. तेवढ्यात रैशा आत सटकली. चांदी काढून धुतली, राख आणि सुती चिंधी घेऊन वरवर घासली. उंच भाग उजळला, खाचांतलं काळं तसंच राहिलं. ठिपके, त्रिकोण, रेघा, सगळे परत आले. नग ताटात मांडून ती बाहेर आली.

मावशीने पदक उचललं. अंगठा फिरवला. उजेडाकडे तिरपं धरलं.

"हा जुन्या लोहाराचा हात आहे," मावशी म्हणाली. "असा आता कुठे मिळतो?" आणि तिने स्वतःच्या हाताने ते पदक मिन्तूच्या गळ्यात घातलं.

मिन्तू रडली, मग हसली. घुमूर पदराआड खोकला.

"पण ती घाण नवरीच्या घरात नको," मावशी उठत म्हणाली. "कुठंय ते भांडं? नाही, तू नको येऊस, रैशा. मीच टाकून येते."

भांडं घेऊन ती शेळ्यांच्या कुंपणामागे गेली. दुसरा पेला गार झाला, तिसरा ओतला, तेव्हा परत आली. ओढणीच्या टोकाने तोंड पुसत होती.

संध्याकाळी आई तंबूकडून आली, मिन्तूला पाहून म्हणाली, "चांदी घासली नाही ना कुणी? बरं केलंत," आणि ढोल वाजू लागला.

सगळे नाचायला गेल्यावर रैशा कुंपणामागे गेली. भांडं झाकलेलं होतं, झाकणावर दगड होता, शेळ्यांनी ते हलवलेलं नव्हतं. तिने झाकण काढलं आणि फोडी मोजल्या.

नऊ.