निकाहच्या फोटोत नसलेली मुलगी

सईदाचा दुसरा निकाह झाला तेव्हा तिने पंचेचाळिशी ओलांडली होती आणि तिच्या एकुलत्या एक मुलीचं, अलफियाचं, लग्न होऊन वर्ष उलटलं होतं. रत्नागिरीच्या राजिवड्यात या गोष्टीची बरीच चर्चा झाली. विधवेने पुन्हा लग्न करू नये असं कोणी म्हणत नव्हतं. धर्मात त्याला मनाई नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण घरात जावई आल्यावर सासू नवरी होते, याचं बायकांना हसू यायचं. अलफियाच्या सासरी, मिरकरवाड्यात, ते हसू तिच्या कानावर रोज पडत होतं. निकाहच्या दिवशी ती आलीच नाही.

सईदाचा नवरा हारुन मूळचा दाभोळचा. तरुणपणी इंग्लंडला गेला तो तिथलाच झाला. ब्लॅकबर्न नावाच्या गावात बस चालवायचा. बायको कॅन्सरने गेली, दोन्ही मुलगे आपापल्या संसाराला लागले. राजिवड्यात त्याची बहीण राहत होती. तिच्याकडे तो महिनाभर आला असताना कमरेला सैल झालेल्या तीन पॅंट घेऊन शेजारी सईदाच्या शिवणक्लासात गेला.

माप घेऊन सईदा म्हणाली, “तीन इंच आत घ्यायला लागेल. तुम्ही जेवत नाय काय?”

“जेवतो,” हारुन म्हणाला, “पण उभ्याने. एकट्यासाठी टेबल कोण मांडणार?”

पॅंट दोन दिवसांत तयार झाल्या. तो मात्र त्यानंतरही येत राहिला. कधी बटण लावायला, कधी नुसताच. परत गेल्यावर फोन करू लागला. पुढच्या वर्षी आला तो निकाह करायला आणि तीन आठवडे राहून परत गेला. मग सईदाच्या व्हिसाचा अर्ज झाला आणि २००३ च्या पावसाळ्यानंतर मुंबईत मुलाखतीला या, असं पत्र आलं.

पत्र इंग्रजीत होतं. सईदा ते घेऊन अलफियाच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये गेली. अलफिया तिथे मुलांना शिकवायची. निकाहनंतर दोघी सणावाराला भेटत होत्या, बोलत होत्या, पण हारुनचं नाव निघालं की अलफिया उठून पाणी प्यायला जायची. तिने पत्र वाचलं, पुन्हा वाचलं आणि विचारलं, “तयारी कोण करून घेतंय?”

“तयारी कसली? विचारतील ते सांगेन.”

“असं नसतं अम्मी. लग्न खरं की खोटं ते बघतात. उलटसुलट विचारतात. माझ्या एका विद्यार्थ्याच्या बहिणीला नवऱ्याच्या घरात खिडक्या किती ते विचारलं होतं.”

“मग तू विचार,” सईदा म्हणाली.

अलफिया दुसऱ्या दिवसापासून दुपारी यायला लागली. शिवायला शिकणाऱ्या मुली गेल्या की ती कापड कापायच्या टेबलामागे खुर्ची टाकून बसायची आणि आईला समोरच्या स्टुलावर बसवायची. आईला ती ‘तुम्ही’ म्हणायची. पहिल्या दिवशी सईदाला त्याचंच हसू येत राहिलं.

“तुमचे पती काय काम करतात?”

“बस चालवतात. सकाळची पाळी असली की चारला उठतात. आधी चहा ठेवतात, मग दाढी. दाढी करेस्तोवर चहा उतू जातो, हे रोजचं. मी फोनवर सांगून थकले...”

“अम्मी! बस चालवतात, एवढंच सांगायचं.”

“बरं. बस चालवतात.”

“घराला खोल्या किती?”

“खाली दोन, वर दोन. वरच्या मागच्या खोलीत ओल येते. तिथे पहिलीचे कपडे अजून कपाटात आहेत. मी म्हटलं, राहू देत, मी आल्यावर बघू.”

अलफियाने मान वर करून आईकडे बघितलं. “हे तुला कोणी सांगितलं?”

“ते सांगतात की. रोज बोलतो ना आम्ही.”

असे चार-पाच दिवस गेले. सईदाला सगळं येत होतं, फक्त थोडक्यात सांगता येत नव्हतं. मग अलफियाने निकाहचे फोटो टेबलावर मांडले. हिरव्या साडीतली सईदा, शेरवानीतला हारुन, त्याची बहीण, काझी, शेजारीपाजारी. फोटो बघता बघता तिचा आवाज जरा चढला.

“तुम्हाला मुलगी आहे ना? ती यात कुठे दिसत नाही.”

सईदाने एक फोटो उचलून जवळ धरला.

“आजारी होती म्हणून सांग,” अलफिया आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाली. “ताप होता. कोण तपासायला येतंय?”

“ताप कुठे होता तुला?”

“नव्हता. पण मुलीला मान्य नव्हतं म्हटलं की त्यांना वाटेल यात काहीतरी भानगड आहे. तुझा व्हिसा जाईल.”

“गेला तर जाईल. तुझ्या नावाने खोटा ताप मी नाय सांगायची.”

अलफियाने फोटो गोळा केले. तिला राग आला होता, आणि त्या रागातच तिने पुढचा प्रश्न विचारला. तो कुठल्याही अधिकाऱ्याचा नव्हता.

“या वयात तुम्हाला लग्न कशाला करावंसं वाटलं? घर आहे, क्लास आहे, मुलगी जवळ आहे. काय कमी होतं?”

सईदाने बोटातलं शिवणाचं अंगुस्तान काढून टेबलावर ठेवलं.

“तुझे अब्बा चांगले होते,” ती म्हणाली. “जहाजावरून यायचे ते दोन महिने घर कसं भरलेलं असायचं. मग पुन्हा जायचे. मी उरलेलं वर्ष त्यांच्या येण्याची तयारी करण्यात घालवायची. तुला गोवर झाला, माझी आई गेली, घराची कौलं उडाली, सगळं मी त्यांना पत्रातून कळवलं. गेले तेसुद्धा जहाजावर. जेवण कधी आळणी झालं, कधी खारट झालं, ते कळायला माणूस रोज समोर बसावा लागतो गो. तसं बसलेलं मला बघायचं होतं. म्हातारपणी का होईना.”

बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. अलफियाने फोटो पाकिटात भरले. मग म्हणाली, “अब्बांबद्दल तिथे बोलू नकोस.”

“का? वाईट काय बोलले?”

“काहीच नाही.” अलफियाने पर्स उचलली आणि ती गेली. त्या रात्री तिला झोप लागली नाही. तिचा नवरा आमीर कुवेतला एसी दुरुस्तीच्या कामावर होता. लग्नानंतर तो सहा आठवडे घरी होता, त्यानंतर आला नव्हता.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी दोघी सकाळच्या गाडीने मुंबईला गेल्या, मुंब्र्याला मावशीकडे उतरल्या. दुसऱ्या दिवशी व्हिसाच्या कचेरीच्या दारात पहारेकऱ्याने फक्त सईदाला आत घेतलं. अलफिया समोरच्या फुटपाथवर बॅग घेऊन उभी राहिली.

आत काचेपलीकडे एक तरुण गोरी अधिकारी होती आणि तिच्या शेजारी दुभाषी बाई. दुभाषी बाईने सईदाचं नाव बघून झरझर उर्दूत सुरुवात केली. सईदाने दोन वाक्यं ऐकली आणि हात वर केला.

“बाई, मराठीत विचारा. मला उर्दू नमाजापुरती आणि सिनेमापुरती.”

“मराठी चालेल तुम्हाला?” बाई चकित झाली.

“रत्नागिरीची मी. दुसरं काय चालणार?”

प्रश्न सुरू झाले. घर, नोकरी, मुलगे, पहिली बायको. सईदा ठरवल्याप्रमाणे थोडक्यात सांगत होती. ओल येणाऱ्या खोलीचं मात्र तिच्या तोंडून गेलंच. मग अधिकाऱ्याने अर्जाला जोडलेले निकाहचे फोटो बाहेर काढले, एकेक करून पाहिले आणि विचारलं, “यात तुमची मुलगी कोणती?”

“ती नाही यात. ती आली नव्हती.”

“का?”

“तिला पटलं नव्हतं.”

अधिकाऱ्याने काहीतरी लिहून घेतलं. “आता तिचं काय म्हणणं आहे?”

“ते मला ठाऊक नाय. आज माझ्याबरोबर आली आहे. खाली उन्हात उभी आहे. एवढंच मला सांगता येईल.”

“आम्ही व्हिसा दिला नाही तर तुम्ही काय कराल?”

हा प्रश्न दोघींनी घोकला नव्हता. पण सईदाला विचार करावा लागला नाही. “मग ते येतील. आमचं बोलणं झालंय. नोकरी सोडून राजिवड्यात राहीन म्हणालेत. मीच म्हटलं, आधी मी येऊन बघते. त्यांना पेन्शन मिळायला थोडीच वर्षं राहिलीत, ती का फुकट घालवायची?”

दुभाषी बाई ते सांगत असताना अधिकारी सईदाकडे बघत होती. मग तिने पासपोर्ट ठेवून घेतला आणि दुपारी परत यायला सांगितलं.

दुपारी व्हिसा मिळाला. सईदाने पासपोर्ट उघडून दाखवला तेव्हा अलफियाने तो दोनदा वाचला. मग विचारलं, “माझं विचारलं?”

“विचारलं.”

“काय सांगितलंस?”

“खरं ते.”

टॅक्सीत सईदाने तिला सगळं सांगितलं, हारुन यायला तयार होता तेही. अलफियाला ते ठाऊक नव्हतं. तो आईला घरकामाला नेतोय, असंच तिने धरलं होतं. मुंब्र्याच्या पीसीओवरून सईदाने ब्लॅकबर्नला फोन लावला, बातमी सांगितली आणि रिसीव्हर न विचारता मुलीच्या हातात दिला. अलफियाने तो कानाला लावला.

“सलाम आलेकुम,” ती म्हणाली. “अम्मीला थंडी सोसत नाही. त्या मागच्या खोलीची ओल आधी काढून घ्या.”

पलीकडून काय उत्तर आलं ते सईदाला ऐकू आलं नाही. पण अलफियाने “हो” म्हटलं, आणखी दोनदा “हो” म्हटलं, आणि मग “चाचा, अम्मीला देते” म्हणून फोन परत दिला.

रत्नागिरीला परतल्यावर पहिल्याच शुक्रवारी, कुवेतच्या सुट्टीच्या दिवशी, आमीरचा फोन आला. नेहमीसारखं सगळ्यांची विचारपूस झाली. मग अलफिया म्हणाली, “यंदाचं कॉन्ट्रॅक्ट संपलं की पुढचं करू नका.”

“काय झालं? अम्मीने काय बोलून दाखवलं काय?” आमीरला वाटलं, आपल्या आईशी तिचं बिनसलं.

“कोणी काही बोललं नाही. मला तुम्ही इथे पाहिजे.”

“इथला पगार तिथे मिळणार नाय, कळतंय ना?”

“कळतंय. माझाही पगार आहे.”

आमीर विचार करतो म्हणाला. दोन शुक्रवार त्याने तो विषय काढला नाही, अलफियानेही काढला नाही. तिसऱ्या शुक्रवारी त्याने आपणहून विचारलं, बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात मशीन बघणारा माणूस लागतो काय, जरा चौकशी कर.

सईदा डिसेंबरात गेली. शिवणक्लास तिने तिच्या सर्वांत जुन्या विद्यार्थिनीकडे, सगुणाकडे सोपवला. आमीर पुढच्या उन्हाळ्यात कायमचा परतला आणि बर्फाच्या कारखान्यात लागला. कुवेतच्या मानाने पगार निम्म्याहून कमी होता. अलफियाच्या सासूने सुरुवातीला सुनेशी बोलणं टाकलं. मुलाची चांगली नोकरी हिने घालवली असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. पण मुलगा रोज दुपारी घरी जेवायला येऊ लागला, ताटातला बांगडा मागून घेऊ लागला, तशी ती चुलीपाशी स्वतः बसू लागली. एक दिवस तिनेच अलफियाला हाक मारली आणि विचारलं, सार आंबट झालंय काय, जरा चाखून बघ.