रोजचा एक बिघाड

सासरे आंघोळीला गेले की मी त्यांची मोटरसायकल बिघडवायचे.

हे सांगितलं की लोक माझ्याकडे असं बघतात, जणू मी त्यांच्या चहात काहीतरी कालवत होते. बघू देत. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. बाथरूममध्ये पाण्याचा आवाज सुरू झाला की मी शिलाई मशीनवरून उठायचे, मागच्या दाराने शेडमध्ये जायचे आणि कधी फ्यूज काढून खिशात टाकायचे, कधी बॅटरीची तार ढिली करायचे. परत येऊन शेडकडच्या खिडकीशी साळसूदपणे कुणाच्या तरी पडद्याला टीप मारत बसायचे. बाबा केस विंचरून शेडमध्ये यायचे, किक मारायचे, आणि गाडी ढिम्म. मग त्यांचा चेहरा जो उजळायचा, तो बघण्यासाठी मी त्या गाडीचे रोज हालहाल केले असते.

माझ्या सासऱ्यांनी उभा जन्म गाड्यांची वायरिंग करण्यात घालवला. गल्लीत त्यांचं खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं, सगळे 'ठिणगी मास्तर' म्हणायचे. दुकान बंद केल्यावर माणूस स्वस्थ बसेल की नाही? छे. भंगारातून तीन मेलेल्या गाड्या आणल्या. एकीचा सांगाडा, दुसरीचं इंजिन, तिसरीची चाकं. पेट्रोलची टाकी पत्रा ठोकून घरीच केली आणि सीट मी शिवली. तिचं नाव 'ठिगळी' मीच ठेवलं.

"ठिगळी म्हण नाहीतर आणखी काही म्हण," बाबा म्हणाले, "पण तिची वायरिंग बघ. एक जोड जरी उघडा दिसला ना, मिशी उतरवीन."

मिशी शेवटपर्यंत शाबूत राहिली. डोकं राहिलं नाही.

आधी चष्मा विसरायला लागले, मग किल्ल्या. त्याला आम्ही हसलो. मग एकदा कोपऱ्यावरच्या दुकानातून घरी यायचा रस्ता विसरले, तेव्हा हसू आलं नाही. आणि एका सकाळी मी चहा पुढे केला, तर त्यांनी कप घेतला, जरा सावरून बसले आणि अगदी अदबीने विचारलं, "आपण कुणाकडे आलात?"

लग्न होऊन या घरात आल्यापासून मला 'सूनबाई' नाहीतर 'अगं ए' यापलीकडे हाक नव्हती. मी पटकन उत्तर देणारी बाई आहे, माझी जीभ कशी आहे ते गल्लीला विचारा. त्या दिवशी मात्र मी तिथून उठले. स्वयंपाकघरात जाऊन मी नळ सोडला आणि रडून घेतलं.

डॉक्टर म्हणाले, औषधाने हे थांबणार नाही, फार तर सावकाश होईल. हातांना सवयीचं काम द्या. आता वायरिंगचं काम द्यायचं म्हणजे कुणाची गाडी द्यायची? ज्याला आपली सून ओळखू येत नाही, त्याच्या हाती कोण आपली गाडी सोपवेल?

अशात ठिगळी खरोखरच बंद पडली. माझा काही हात नव्हता त्यात. बाबांनी दोन-तीनदा किक मारून पाहिली. मग त्यांनी खिळ्यावरचा टेस्ट लॅम्प काढला. टेस्ट लॅम्प म्हणजे काय, एक इवलासा बल्ब, त्याच्या एका वायरीला चिमटा आणि दुसरीला सुई. चिमटा गाडीच्या लोखंडाला लावायचा आणि सुई एकेका जागी टेकवत जायची. करंट तिथवर येत असेल तर दिवा लागतो. जिथे लागला नाही, त्याच्या अलीकडे घोळ.

"बॅटरी, फ्यूज, चावी, कॉइल, प्लग," ते पुटपुटत होते. "ओळीने जायचं. मधे उडी मारायची नाही."

फ्यूज जळला होता. तो बदलला, किक मारली, गाडी सुरू झाली. बाबांनी हात पुसले, माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "सूनबाई, चहा टाक. आणि कालच्यासारखा पाणचट नको."

माझा चहा पाणचट नसतो. पण त्या दिवशी मी दुप्पट पूड टाकली. जेवणापर्यंत ते अगदी पूर्वीचे होते. मुलगा कधी येणार ते विचारलं, पडद्याची टीप वाकडी गेली म्हणून माझी चेष्टा केली, आणि दुपारी झोपून उठले ते परत पाहुण्यासारखे.

तेव्हा माझ्या डोक्यात आलं. बिघाड सापडला की बाबा परत येतात. कधी तासभर, कधी अर्धा दिवस, पण येतात. मग रोज एक बिघाड करायला काय जातं?

माझा नवरा ट्रक चालवतो. आठवडा आठवडा बाहेर असतो. त्याला फोनवर सांगितलं तर म्हणाला, "अगं, म्हाताऱ्या माणसाला फसवतेस तू."

"उंटावरून शेळ्या हाकू नकोस," मी म्हटलं. "घरी ये, रोज सकाळी 'आपण कोण' ऐक, आणि मग मला शिकव."

पुढच्या खेपेला आला तेव्हा पिशवीतून फ्यूजचा एक डबा काढून त्याने गुपचूप माझ्या मशीनच्या खणात ठेवला.

मला त्या वायरींमधलं ओ की ठो कळत नव्हतं. शिकवलं बाबांनीच. बिघाड सापडल्यावर जो बरा वेळ असायचा, त्यात ते मला शेजारी बसवून सांगायचे. हँडलवरच्या बटणाची वायर सांगाड्याला टेकली तर ठिणगीच पडत नाही. प्लगच्या टोकातली फट बुजली तरी तेच. मी मान डोलवून ऐकायचे आणि दुसऱ्या दिवशी तेच त्यांच्या गाडीला करून वर काळी टेप गुंडाळायचे. गुरूची विद्या गुरूलाच. एकदा तर कॉइलच्या जोडाला मी नेलपॉलिशचा पातळ हात दिला, म्हणजे दिसायला जोड घट्ट आणि करंट बंद. बाबांनी शोधून काढलं, नखाने खरवडलं, वास घेतला आणि म्हणाले, "गंजाला अत्तराचा वास? जमाना बदलला."

मी मशीनवर मान खाली घालून हसत होते. ते दिवस चांगले होते हो. मला वाटायचं, असंच चालेल.

तसं कुठे चालतं? हळूहळू त्यांच्या ओळीतले शब्द गळायला लागले. "बॅटरी, चावी, प्लग," म्हणायचे आणि मधेच थांबायचे. फ्यूज राहून जायचा. काहीतरी राहिलं आहे हे कळायचं, काय ते कळायचं नाही, आणि मग चिडायचे, स्वतःवरच. ते बघवेना, म्हणून मी सोपं सोपं द्यायला लागले. आधी झाकणाच्या आतलं सोडून बाहेरचं. मग हाताशी येईल असं. शेवटी एका सकाळी मी प्लगवरची टोपीच उपसून खाली लोंबकळत ठेवली. आंधळ्यालाही सापडावी अशी.

बाबा आले. किक मारली नाही. ती टोपी हातात घेतली, खटकन जागेवर बसवली आणि खिडकीतून माझ्याकडे बघत म्हणाले, "सूनबाई, आजचा फार सोपा ठेवलास."

मशीनवरचा माझा पाय थांबला.

शेडमध्ये गेले. म्हटलं, "कधीपासून माहीत आहे तुम्हाला?"

"रोज माझ्या आंघोळीच्या वेळेलाच बिघडणारी गाडी मी जन्मात बघितली नाही." ते हसत होते. "आणि तू टेप गुंडाळतेस ना, ती शिंप्यासारखी. शेवट आत दुमडतेस. कुठला वायरमन दुमडतो?"

मी हसले, आणि हसता हसताच डोळे भरून आले. म्हटलं, "रागावलात का?"

"राग कसला. माझी सकाळ सरत होती छान." मग त्यांचं हसू ओसरलं. "पण सोपं नको देऊस. सोपं कुणाला देतात? ज्याच्याकडून काही आशा नाही त्याला. अवघड दे. नाही जमलं तर नाही जमलं. आणि मी कितीही अडलो तरी मधे बोलायचं नाही. शब्द दे."

मी शब्द दिला. काय करणार, बाबांनी माझ्याकडे तोंड उघडून असं काही मागितलं, ते पहिल्यांदाच.

"बरं, मग सगळ्यात वाईट बिघाड कुठला?" मी विचारलं.

त्यांनी वायरीचा एक तुकडा घेतला आणि एकाच जागी खालीवर, खालीवर वाकवत राहिले. "बघ. आतलं तांबं तुटलं, वरचं प्लास्टिक जसंच्या तसं. वायर सरळ असली की आतली टोकं टेकतात, करंट जातो, दिवा लागतो. वाकली की बंद. हे हँडलच्या मानेपाशी होतं, तिथे वायरी सारख्या मुडपतात ना. गाडी सुरू होते आणि हँडल वळवलं की मरते. चिमटा लावायचा, सुई धरायची आणि हँडल फिरवून दिवा बघायचा. नुसता दिवा बघत बसशील तर म्हातारी होशील, सापडणार नाही."

ते मी लगेच केलं नाही. धीरच होत नव्हता. मग एक सकाळ अशी उगवली की बाबांनी चहाचा घोट घेतला आणि आपणहून म्हणाले, "पाणचट." मला वाटलं, आज. बाथरूममध्ये पाण्याचा आवाज आला तशी मी गेले, हँडलच्या मानेपाशी चावीकडून येणारी पांढरी वायर धरली आणि तांबं तुटेपर्यंत वाकवत राहिले. टेप लावायची गरजच नव्हती, वरून काही दिसतच नव्हतं.

बाबा आले. गाडी सुरू झाली. शेडबाहेर काढायला म्हणून त्यांनी हँडल डावीकडे वळवलं, आणि मेली. परत किक मारली, परत वळवलं, परत मेली. त्यांनी खिडकीकडे बघितलं आणि मिशीतल्या मिशीत हसले. मी पण हसले. मग हँडल सरळ करून त्यांनी टेस्ट लॅम्प काढला.

बॅटरीपाशी दिवा लागला. फ्यूजपाशी लागला, चावीपाशी लागला, कॉइलपाशीही लागला. फ्यूज विसरले नाहीत म्हणून मला इतका आनंद झाला की मी पडद्याची दुसरीच बाजू शिवून टाकली. ती उसवत बसले. मान वर केली तर ते पुन्हा बॅटरीपासून सुरुवात करत होते. हँडल सरळच होतं. दिवा सगळीकडे लागत होता.

मी चहा नेऊन ठेवला, तो गार झाला. दुसरा नेला, तोही झाला. ऊन शेडच्या आत आलं आणि सरकत गाडीच्या मागच्या चाकापर्यंत गेलं. "आहे की," ते म्हणायचे. "इथे आहे. इथेही आहे." आणि पुन्हा पहिल्यापासून. त्यांच्या ओळीतून फ्यूज सुटला. मग कॉइल सुटली. मी दारात जाऊन उभी राहिले. हँडल फिरवा बाबा, एवढंच म्हणायचं होतं, दोन शब्द. दातांखाली ओठ धरून उभी होते, कारण शब्द दिला होता.

मग त्यांनी सुई स्टुलाला लावली आणि बल्बकडे बघितलं. भिंतीला लावली. चहाच्या कपाला लावली. शेवटी स्वतःच्या तळहाताला लावली आणि दिवा लागतो का ते बघत राहिले.

खड्ड्यात गेला तो शब्द. "बाबा," मी म्हटलं, "हँडल फिरवून बघा ना. हँडल फिरवा."

त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. गडबडीने हात फडक्याला पुसले, सदरा नीट केला.

"आपली गाडी आहे का ही?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"चांगली गाडी आहे. वायरिंग कुणीतरी मन लावून केलेली दिसते." ते संकोचले. "आज मला काही मिळत नाही यात. पण जाऊ नका, बसा. आमची सून येईल इतक्यात. बिघाड कुठे आहे ते तिला बरोबर माहीत असतं."

त्यांनी फडक्याने स्टूल पुसून माझ्यापुढे सरकवलं, आणि स्वतः गाडीच्या सीटवर बसले. मी स्टुलावर बसले. टेस्ट लॅम्प त्यांच्या हातातच होता. आम्ही दोघं घराच्या दाराकडे बघत माझी वाट पाहत बसलो.