डिरेक्टरी हातगाडीवर गेली तेव्हा

मित्रांनो, मी रुग्णालयाच्या रक्तपेढीतला एक जुना सर्व्हर आहे. जाळीच्या कपाटात, खोकणाऱ्या पंख्यासह दिवस काढतो. युनिक्स नावाची जुनी प्रणाली चालवतो, म्हणजे स्वभावाने जुन्या वळणाचा. नाव आणि पासवर्ड विचारल्याशिवाय सख्ख्या भावालाही आत घेत नाही.

कारखान्यातून आलो तेव्हा माझा काय थाट होता! मोठ्या साहेबांनी माझ्याशेजारी उभं राहून फोटो काढला. पुढे त्यांना माझी आठवण यायची ती फक्त चहाचा कप ठेवायला जागा नसली की. कोणाच्या रक्ताला कोणतं रक्त चालतं आणि कोणतं मुळीच चालत नाही, हे मी मात्र मुकाट्याने सांभाळत राहिलो.

आत येणाऱ्यांची यादी पूर्वी माझ्याच पोटात असे. पण माणसं नोकरी सोडून जात आणि नावं मागे राहत. म्हणून संगणक सांभाळणाऱ्या ताईंनी सगळी नावं शेजारच्या यंत्रावर नेली. त्या यंत्राला डिरेक्टरी म्हणतात. दार माझं, ओळख तिने पटवायची. ताईंनी मला बजावलं, आधी डिरेक्टरीला विचार, मग घरची यादी बघ. घरच्या यादीत त्यांनी फक्त मालकाचं, म्हणजे माझ्यात काहीही बदलायची मुभा असलेलं नाव ठेवलं. दोघातिघांना आत यायला लावलं, सगळे भराभर आले. ताई खूश! शेजारीण जागी असताना कडी वाजवली तर दार उघडणारच. पण मला कोण विचारतो?

त्याच दुपारी डिरेक्टरीचं बिऱ्हाड नव्या इमारतीत हलवायचं होतं. "ही गेले नि ही आले," म्हणत ताई हातगाडीमागून निघून गेल्या.

आणि वरच्या मजल्यावर एका बाळंतिणीचं रक्त थांबेना. तिचा भाऊ बर्फाचा डबा घेऊन खिडकीशी आला. आमच्या तपासनीस काकांना सगळे टापटीपराव म्हणतात. त्यांनी तिच्या गटाची पिशवी काढली आणि तिची जुनी तपासणी बघायला माझ्या दारात नाव सांगितलं. मी डिरेक्टरीला हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. ती तर हातगाडीवर!

"झालं का हो?" भावाने विचारलं.

"हा आत घेत नाहीये."

"हा कोण?"

"सर्व्हर."

"त्याला म्हणावं, माझी बहीण आहे वर! हातात पिशवी आहे ना, द्या की!"

"तिच्या रक्तात मागे काहीतरी निघालं होतं, दादा. काय ते यातच आहे. चुकीची दिली तर तिच्या जिवावर बेतेल."

काकांनी मालकाचं नाव टाकलं. पासवर्डचं पाकीट मोहोरबंद, पण तेही फोडलं. व्यर्थ! घरच्या मालकासाठीही मला आधी डिरेक्टरीलाच विचारायचं होतं. मी दारात उभा, तोंडाला कुलूप, आणि आतल्या आत पंखा गरगरतोय.

मग काकांची नजर ताईंच्या पडद्यावर गेली. तिथे एक काळी खिडकी उघडी होती. उघडं काही दिसलं की काकांचा हात शिवशिवतो. त्यांनी ताईंना फोन लावला. "ताई, तुमचं हे काळं बंद करतो आणि सगळंच नव्याने चालू करतो."

"काका, हात मागे घ्या! तेवढाच माणूस आत आहे!"

कुलूप बदलताना एक पाय घरात ठेवावा, ही ताईंची जुनी सवय. त्या खिडकीतून त्या मालक म्हणून अजून आतच होत्या. त्यांनी फोनवरून एकेक अक्षर सांगितलं. काकांनी माझ्या हुकुमातून डिरेक्टरीचं नाव खोडलं आणि घरच्या यादीत स्वतःचं घातलं. मी त्यांना लगेच आत घेतलं.

पण नोंद उघडेना.

"अहो ताई, आत आलो, पण हा मला ओळखतच नाही!"

खरंच होतं. मित्रांनो, नाव फक्त दारात लागतं, आत मी माणसाला नंबराने ओळखतो. नव्या यादीत काकांना नवा नंबर मिळाला होता, म्हणजे माझ्या लेखी ते परके.

"तुमच्या जुन्या नोंदींवर तुमच्या नावाच्या जागी कोणता नंबर दिसतो?" ताईंनी विचारलं. "तोच स्वतःला लावा. लवकर, काका!"

लावला. नोंद उघडली. काकांनी ती ओठ हलवत वाचली, हातातली पिशवी खाली ठेवली आणि शीतकपाटातून दुसरी काढली. ती जुळते का हे तपासूनच त्यांनी डब्यात ठेवली. भाऊ त्या खाली ठेवलेल्या पिशवीकडे बघतच राहिला. मग जिन्याकडे धावला.

संध्याकाळी वरून निरोप आला, रक्त थांबलं. ताई माझ्यासमोर खुर्ची ओढून बसल्या आणि हुकूम उलटा लिहिला, आधी घरची यादी. मालकाखेरीज काकांचं नावही त्यांनी घरातच ठेवलं. आता अधूनमधून, काम कमी असलं की, शेजारीण नसताना दार उघडतं का ते बघायला ताई डिरेक्टरीकडे जाणारी वायर उपसतात आणि मला म्हणतात, "घे बरं आत!"

मित्रांनो, दर वेळी मी घाबरतो. वायर सुटली की जग सुटल्यासारखं वाटतं. तरी तुम्हाला कळकळीने सांगतो, तुमच्याकडे माझ्यासारखा कुणी म्हातारा असेल, तर त्याच्या घाबरण्याकडे लक्ष देऊ नका. ओढा ती वायर.