न कळवलेला उतार

मी एक गाडी आहे. पांढरी, उंच पाठीची, मागे एकच मोठं दार असलेली. आता पांढरी म्हणायची लाज वाटते, पण आमच्या मूनटा गावच्या चुनखडीच्या धुळीत सगळ्यांचा रंग एकच होतो, म्हणून निभावून जातं. फार दमलेय मी. तरी एवढं सांगते, मग गप्प होते.

माझी उमेदीची वर्षं शेजारच्या कडीना गावातल्या एका बेकरीत गेली. भल्या पहाटे मांस-कांदा भरलेल्या गरम पेस्ट्यांचे ट्रे माझ्या पोटात सरकवायचे आणि मी गावोगाव धावायचे. बेकरी बंद पडली तेव्हा गार्थ पेंगेलीनं मला घेतलं. शाळेची बस चालवून निवृत्त झालेला माणूस. ब्रेकवर पायसुद्धा असा ठेवायचा, की जणू मागे पोरं झोपलीत.

त्याची बायको मर्ल पहिल्यांदा आत बसली आणि नाक मुरडून म्हणाली, "गार्थ, हिला कांद्याचा वास येतोय."

"बरं झालं. स्वयंपाकाला उशीर झाला तर हिच्यात येऊन बसत जाईन."

वॉलरू बंदराच्या धक्क्यावर जाऊन निळे खेकडे धरायचे, हा दोघांचा छंद. जाळं टाकण्यात मर्लचा हात धरणारं कुणी नव्हतं.

मग मर्लचे पाय तिचं ऐकेनासे झाले. आधी काठी आली, मागोमाग चाकांची खुर्ची. गार्थ तिला उचलून पुढच्या सीटवर बसवायचा. एकदा माझ्या दाराशीच त्याची कंबर धरली आणि दोघंही धुळीत कोसळली. त्या दिवसापासून मर्ल घराबाहेर पडेना. मी अंगणात उभी. माझ्या आरशांवर कोळ्यांनी संसार थाटले.

शेजारी कोस्टा राहायचा. वेल्डिंगवाला, तोंडाचा फटकळ. एक दिवस तो माझ्याभोवती फेरी मारून म्हणाला, "गार्थ, तुम्ही घरात बसलात आणि माझे खेकडे बंद झाले. हे काही मला परवडायचं नाही."

त्यानं माझी मागची सीट उपटली, तळ कापून खाली उतरवला आणि मागच्या दाराला घडीचा रॅम्प जोडला. दुखलं, खोटं कशाला बोलू? पण मर्ल खुर्चीसकट स्वतःच्या हातांनी चाकं फिरवत माझ्या आत आली, तेव्हा ते दुखणं मी विसरले. ती कुणाच्याही हाताशिवाय आत आली होती.

माझ्या विम्याचं नूतनीकरण गार्थ दरवर्षी फोनवर करायचा. पलीकडून विचारायचे, "गाडीत काही बदल केलेत का?"

"बदल? छे हो! गाडी जमिनीला टेकवून गुरगुरत फिरतात ती पोरं वेगळी. मी म्हातारा माणूस."

आतून मर्ल ओरडायची, "अरे, रॅम्पचं सांग ना!"

फोनवर हात ठेवून तो म्हणायचा, "तो कसला बदल? तो तुझ्यासाठी आहे."

तो लबाड नव्हता. त्याला मनापासून तसंच वाटायचं. आणि मला विचारतो कोण?

एका संध्याकाळी वॉलरूहून परतताना बार्लीच्या शेतातून एक भला दांडगा कांगारू थेट माझ्या तोंडावर आला. बॉनेट दुमडलं, रेडिएटर फुटला. आतली बादली उलटून खेकडे सगळीकडे पळाले. मर्लला खरचटलंही नाही. ती आपल्या निश्चल पायांवरून चालणारा खेकडा बघून हसत होती, आणि हसता हसता रडायला लागली.

विमा कंपनीचा माणूस पाहणीला येणार म्हटल्यावर कोस्टा हळूच म्हणाला, "रॅम्प काढून ठेवू. सीट माझ्या शेडमध्ये पडलीच आहे. पाहणी झाली की परत लावू. हूं की चूं नाही."

गार्थनं पाना उचलला.

"आणि मला कुठे ठेवणार? शेडमध्ये, सीटच्या जागी?" मर्ल दारातून म्हणाली.

"अगं, तुझ्याचसाठी चाललंय हे. भरपाई मिळाली नाही तर तू पुन्हा घरात अडकशील."

"अडकेन. पण मी कशी फिरते हे लपवायचं असेल, तर मला फिरायचंच नाही. ठेव तो पाना."

पाहणीला थुई नावाची तरुण बाई आली. तिनं माझं दार उघडलं आणि तिथंच थबकली. "हा रॅम्प कंपनीला कळवलाय?"

"नाही," मर्लच म्हणाली.

गार्थ उसळला, "कांगारू काय रॅम्पवरून आत आला?"

"नाही हो काका. पण आम्ही विमा उतरवला तो साध्या गाडीचा. कळवलं असतं तर हप्ता थोडा वाढला असता आणि आज रॅम्पसकट किंमत धरली असती." तिचा आवाज उतरला होता. "माझ्या हातात असतं तर..."

मर्लनं तिला चहा करून पाजला.

निकाल आला. जुनी, साधी गाडी. दुरुस्तीचा खर्च किमतीहून जास्त, सबब मोडीत. भरपाई मिळाली ती त्या साध्या गाडीची. रॅम्प, कापलेला तळ, कोस्टाचे कष्ट यांची किंमत शून्य. मला न्यायला क्रेन आली तेव्हा मर्लनं माझ्या दारावर हात ठेवला आणि तोंड फिरवलं.

आता मी कडीनाबाहेरच्या भंगारात उभी आहे. त्या भरपाईतून गार्थनं माझ्यासारखीच एक जुनी गाडी आणली. मग तो टोपी हातात धरून इथे आला आणि भंगाराच्या मालकिणीला, लोइसला, म्हणाला, "तो रॅम्प विकत हवाय."

लोइसनं कंपनीचा कागद खालीवर पाहिला. "यात तर साधी गाडी लिहिलीय. रॅम्प मी विकत घेतलेलाच नाही, मग विकू कसा? ने काढून. आणि लवकर ने, नाहीतर विचार बदलेन."

गार्थ माझ्या मागच्या दाराशी गुडघ्यांवर बसला. बोल्ट गंजले होते, त्याला बराच वेळ लागला. रॅम्प सुटला तसा तो तिथंच धुळीत बसून राहिला. मग हात न पुसताच त्यानं विमा कंपनीला फोन लावला.

"हॅलो, एका गाडीबद्दल सांगायचं होतं. माझी बायको खुर्चीवर असते..." त्यानं मांडीवरच्या रॅम्पवर हात ठेवला. पलीकडचं माणूस थांबलं असावं, कारण मग त्यानं सगळं सावकाश, पहिल्यापासून सांगितलं.

तुम्हीही सांगा बाबांनो. मायेनं केलेला बदल हाही बदलच असतो, आणि आम्हा गाड्यांना बोलता येत नाही.

या मापाचा रॅम्प त्या गाडीला बसेल. माझ्या तळातून गवत वर येऊ लागलंय. येऊ दे. मी आता मिटते.