दाराबाहेरचं मीठ

धारूरच्या घाटाखाली पाझर तलावाचं दुष्काळी काम मजूर सोसायटीनं घेतलं होतं. हजेरी होती निवृत्त शिक्षक गहिनीनाथ गुरुजींकडे. सकाळी ते हजेरी घेत, दुपारी लिंबाखाली मजुरांच्या लेकरांना शिकवत.

त्या सकाळी खडी फोडता फोडता मुक्ताबाई झोकांड्या खायला लागली. गुरुजींनी काही विचारलं, तर ती भलतंच बरळली. गुरुजी सगळ्यांसमोर कडाडले, “पिऊन कामावर येता? लेकीची तरी लाज बाळगा! जा घरी!”

“आता बायाबी प्यायला लागल्या बे!” शेजारी खडी फोडणारा सटवा हसला. मुक्ताबाई भेलकांडत निघून गेली.

दुपारी गुरुजींनी चेतापेशी शिकवायला घेतली. चुन्याच्या फक्कीनं जमिनीवर मोठं वर्तुळ आखलं. दहा लेकरं रेघेबाहेर उभी केली, प्रत्येकाच्या मुठीत खडेमिठाचा एकेक खडा.

“ही पेशी, अन् तुम्ही मिठातले सोडियमचे कण. पेशीच्या आत-बाहेर विजेचा जरासा फरक असतो, बॅटरीतल्या सेलच्या विसाव्या हिश्श्याएवढा. दार उघडलं की तुम्ही आत पळायचं. तो फरक उलटा होतो, मग पुढचं दार उघडतं. असा मेंदूचा निरोप पायाच्या अंगठ्यापर्यंत जातो.”

“मला ढकलू नको, मी सोडियम हाय!” एक पोरगं ओरडलं. सगळी खिदळली.

मुक्ताबाईची सुंदर मात्र मूठ उघडून खड्याकडं बघत होती. “गुरुजी, बाहीर मीठच कमी पडलं तर?”

“तर पाणी पेशीत शिरतं. मेंदू फुगतो. माणूस बरळतो, झोकांड्या...”

गुरुजींना सकाळची मुक्ताबाई आठवली.

“आई मीठ खात न्हाई,” सुंदर म्हणाली. “पाऊस पडंस्तोवर आळणी खायचा नवस केलाय. निस्ती कामावर मिळनारी गोड सुकडी खाती, अन् उन्हात घागरभर पानी पिती.”

गुरुजींचे कान तापले. तीस वर्षं हाच धडा शिकवला होता त्यांनी. बाईच्या तोंडाला वास येतो का, एवढंही त्यांनी पाहिलं नव्हतं.

मुक्ताबाई झोपडीत अर्धवट शुद्धीत पडली होती. सोसायटीच्या जीपमधून गुरुजींनीच तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी हळूहळू सलाईन दिलं. “उद्यापर्यंत थांबला असता तर हाती लागली नसती,” ते म्हणाले. गुरुजींना मान वर करवेना.

पाचव्या दिवशी ती हजेरीला आली. गुरुजींनी पहिलं नाव तिचंच घेतलं. तिनं हातोडा खाली ठेवला.

“मुक्ताबाई?”

“आदी ह्यास्नी सांगा, गुरुजी. माझी पोरगी चार दिस ऐकून घेतीया, ‘दारूडीची’ म्हनून.”

खडीवरचे हातोडे थांबले. गुरुजींनी टोपी काढली.

“बाई प्यायल्या नव्हत्या. नवसापायी मीठ सोडलं म्हणून आजारी होत्या. मला कळायला हवं होतं. न विचारता मी सगळ्यांदेखत नाव ठेवलं. चूक माझी.”

सटवानं मान खाली घातली. गुरुजींनी पुन्हा नाव घेतलं, हलक्या आवाजात.

“हाय,” मुक्ताबाई म्हणाली. तिनं हातोडा उचलला, पण गुरुजींकडं पाहिलं नाही.