मोटारीखालचा आडवा दांडा

“सांगून कुणाचा इस्वास बसायचा न्हाई!” आकारामनं बशी बाकावर आपटली. चहा धोतरावर उडाला, तो त्यानं पुसलाही नाही. “नका ठेवू इस्वास. पर त्या मोटारीखालचा दांडा माझा हाय.”

तासगावच्या स्टँडासमोरच्या हॉटेलात बसलेल्यांनी रस्त्याकडं पाहिलं. नानासोंची काळी भाड्याची मोटार नव्या रंगात सांगलीहून परत आली होती. तिच्या मागच्या अंगावर पिवळ्या अक्षरांत सांगलीच्या गॅरेजवाल्याचं नाव झळकत होतं. ज्याच्या हातानं गाडी सुधारली त्याचं नाव मागं रंगवायचं, ही इकडची रीत. ते वाचूनच पुढची गिऱ्हाइकं यायची. सकाळीच आष्ट्याचा एक जीपवाला ते नाव वाचून आकारामच्या दुरुस्तीच्या शेडसमोर थांबला होता. सांगलीचा पत्ता विचारायला.

एकाहत्तरच्या लढाईत ज्यानं लष्करी ट्रकांच्या स्प्रिंगांचे पाटे बदलले, त्याला सांगलीचा पत्ता विचारायचा!

नानासोंनी पानाला चुना लावत शांतपणे म्हटलं, “आकाराम, दांडा मीच बसवला, असं सांगलीवाला सोता म्हनला.”

“तो म्हननारच! वळणावर तुमची गाडी भिजल्या गंजीगत कलंडायची. तुमी काय केलं? चाकावरच्या पाट्यात पोलादाचं एक पान वाढवलं. कलंडणं कमी झालं, पर मागं बसणाऱ्याचं माकडहाड खिळखिळं! मी ते पान काढून टाकलं. पाटा मऊ ठेवला, आन दोन्ही चाकं खालनं एका दांड्याला बांधली.”

त्यानं दोन कप शेजारी ठेवले आणि त्यांच्यावर चमचा आडवा टाकला.

“सरळ रस्त्याला हा झोपल्याला. वळणावर एक बाजू बसाय लागली की दुसरीला बी खाली वढतो. बसायचं तर दोघींनी मिळून बसा, न्हाईतर कुनीच बसू नगा!”

“बसवलास कवा?”

“गाडी रंगवाय सांगलीला धाडायच्या आदी, तुमी चार दिस कडेगावला लग्नाला गेला हुता तवा. तुमच्या धनाजी ड्रायव्हरनं गाडी माझ्या शेडात आणली हुती.”

“धनाजी तर गेला पलटणीत भरती होऊन.” नानासो हसले. “दुसरं कोण हाय साक्षीला?”

आकाराम इथं गप्प बसता तर बरं झालं असतं. पण खरं सांगून भागत नाही असं दिसलं की त्याच्या जिभेला पंख फुटत, आणि आज तर तो पेटलेला होता.

“साक्ष? अख्खा रस्ता साक्षीला हाय! ओढ्याच्या वळणावर पन्नासच्या स्पीडनं गाडी घातली. टपावर ठेवली हुती काठोकाठ भरल्याली कळशी. एक थेंब सांडला असंल तर मिशी उतरून ठिवतो! समोरनं एष्टी आली, तिचा ड्रायव्हर खाली उतरून पाया पडला माझ्या.”

“टपावर बैलगाडी बी ठिवायची हुतीस, गड्या!” कोपऱ्यातनं केरू ओरडला.

हॉटेल खदखदून हसलं.

“पन्नास न्हवं, साठ!” आकाराम उभा राहिला. “एक थेंब न्हाई!”

दाराशी ताक विकत बसलेल्या राहीबाईनं हातातलं माप कळशीत आदळलं. इतका वेळ तिनं मान वर केली नव्हती.

“टपावर कुठली रं? कळशी माझ्या मांडीवर हुती! आन थेंब न्हाई म्हणं. अर्धं ताक सांडलं माझ्या लुगड्यावर!”

हसणं थांबलं. आकारामनं मान खाली घातली.

“तू कवा बसलीस माझ्या गाडीत?” नानासोंनी विचारलं.

“ह्यो आन धनाजी गाडी चालवून बघाय निघाले तवा. धनाजी म्हनला, फुकट बसलीस, मालकास्नी सांगू नगंस. म्हनून गप हुते. पर ह्यानं खोटं तरी किती बोलावं?”

नानासोंचा पानाचा हात तोंडाशी थांबला.

“वळणावर सांडलं?”

“वळणावर कशाला सांडंल? दांडा बसवला हुता न्हवं ह्यानं! पुढं म्हस आडवी आली, ब्रेक मारला, तवा सांडलं.” राहीबाईनं कळशीवर फडकं ओढलं. “आन म्हणं टपावर! खोटारडा मेला.”